मधपेटीतला कोळी आणि ओव्याचे फूल

२०२४ च्या पावसाळ्याअखेरीस आमच्या मेलिफेरा या युरोपीय जातीच्या मधमाशीच्या चाळीसेक पेट्यांमध्ये व्हरोआ कोळ्याने, म्हणजे मधमाशीवर जगणाऱ्या गोचिडीसारख्या बारीक परजीवीने, ठाण मांडले. रासायनिक पट्ट्या न वापरता, ओव्यात असणाऱ्या थायमॉलच्या आधारे तो आटोक्यात आणण्याचे काम सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत चालले. माहिती शोधताना दोनच प्रकारचा मजकूर हाती लागत होता. एक म्हणजे ‘लसणाचा रस शिंपडा, कोळी गायब’ अशा धाटणीचे व्हिडिओ आणि दुसरा म्हणजे युरोप-अमेरिकेचे हवामान गृहीत धरून लिहिलेल्या सूचना, ज्यांत ऑक्टोबर म्हणजे थंडीची सुरुवात. आपल्याकडे ऑक्टोबरात घामाच्या धारा लागतात. अंबड तालुक्यात मोसंबीच्या बागेकडेला पेट्या ठेवणाऱ्या बाईला त्यातले काय लागू पडते, हे सांगणारे कोणी मला तेव्हा भेटले असते तर बरे झाले असते, म्हणून हे सारे तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे.

१ आणि २ सप्टेंबरची मराठवाड्यातील अतिवृष्टी सगळ्यांच्याच लक्षात असेल. पोळासुद्धा चिखलातच गेला. पुढे बरेच दिवस माशांना धड बाहेर पडता येईना, म्हणून साखरेचा पाक द्यावा लागला. पाक देताना पेट्यांसमोरच्या जमिनीवर चालणाऱ्या, पंख चुरगळलेल्या माशा दिसू लागल्या. अशा माशा उडू शकत नाहीत आणि दोन-तीन दिवसांत मरतात. पंख वेडेवाकडे करणारा एक विषाणू असतो आणि तो पसरवण्याचे काम मुख्यतः व्हरोआ करतो, एवढे प्रशिक्षणात ऐकलेले होते. खात्रीसाठी नर पिलाव्याची, म्हणजे मेणाने झाकलेल्या घरांत वाढणाऱ्या नर अळ्या-कोषांची, काही झाकणे सुरीच्या टोकाने उघडली आणि एक पांढरा कोष चिमट्याने अलगद वर ओढला. त्याच्या पोटाला तांबूस तपकिरी, चपटे, गुळगुळीत असे दोन ठिपके चिकटलेले होते आणि उन्हात धरताच ते ठिपके चालू लागले. व्हरोआच्या मादीची रुंदी लांबीपेक्षा जास्त, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर असते. त्यामुळे ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते, मात्र कुठे पाहायचे ते माहीत असावे लागते. नराचा कोष कामकरी माशीच्या कोषापेक्षा जास्त दिवस झाकलेला राहतो, म्हणून कोळ्याची पहिली पसंती नर पिलाव्याला असते. तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.

कोळी आहेत हे कळले, पण किती आहेत हे कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही. त्यासाठी पिठीसाखरेची चाचणी सोपी आहे आणि तिच्यात माशा मरत नाहीत. रुंद तोंडाच्या बरणीला झाकणाऐवजी बारीक जाळी बसवायची आणि पिलाव्याच्या चौकटीवरील अर्धा कप माशा, म्हणजे अंदाजे तीनशे, बरणीत घ्यायच्या. त्याआधी राणी त्या चौकटीवर नाही ना, हे नीट पाहायचे. वरून दोन मोठे चमचे घरी दळलेली साखर टाकून बरणी हलक्या हाताने फिरवायची, दोन मिनिटे सावलीत ठेवायची आणि मग पांढऱ्या ताटावर मिठाच्या डबीसारखी हलवायची. ताटावर थोडे पाणी शिंपडले की साखर विरघळते आणि कोळी मोजता येतात. पांढऱ्या झालेल्या माशा परत पेटीत सोडाव्यात, बाकीच्या माशा त्यांना चाटून स्वच्छ करतात. हवेत दमटपणा असेल तर साखरेचे गोळे होतात आणि आकडा खोटा येतो, म्हणून पाऊस उघडल्यावर कोरड्या दिवशीच ही चाचणी केली. शंभर माशांमागे तीन कोळी ही उपचार सुरू करण्याची सर्वसाधारण मर्यादा मानतात, म्हणजे तीनशेला नऊ. माझ्या बहुतेक पेट्यांत दहा ते पंधरा निघाले आणि एका पेटीत सत्तावीस. पेट्या बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या होत्या. त्या रात्री हिशेबाची वही काढून बसले, पण एक बेरीज धड होईना.

कीटकशास्त्र शिकवणारे एक ओळखीचे सर परभणीला आहेत. त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितले, “ताई, फोटोवरून औषध विचारू नका, नमुना घेऊन या.” १६ आणि १७ सप्टेंबरला ईद-ए-मिलाद, अनंत चतुर्दशी आणि मुक्तिसंग्राम दिन अशा सुट्ट्या लागून आल्या होत्या, म्हणून १९ तारखेला जालन्याहून रेल्वेने परभणी गाठली. काही माशा स्पिरिटच्या बाटलीत घेतल्या होत्या आणि झाकलेल्या पिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा कागदात गुंडाळून डब्यात ठेवला होता. पिलावा प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही नेऊ नये, घाम धरून तो कुजतो. सूक्ष्मदर्शकाखाली व्हरोआबरोबर ट्रोपिलिलॅप्स जातीचे थोडे लांबट, भराभर पळणारे कोळीही निघाले. हा मुळात आग्या माशीवरचा कोळी आहे आणि आमच्या शिवारातल्या वडावर आग्याची पोळी दरवर्षी असतात. व्हरोआ मुळात सातेरी या आपल्या देशी मधमाशीच्या जातीवरचा. सातेरी माशा तो बऱ्याच अंशी स्वतःच काढून टाकतात, मेलिफेराला मात्र ते तितकेसे जमत नाही. गंमत म्हणजे १९९९ पर्यंत या कोळ्याचे शास्त्रीय नावही दुसरेच समजले जात होते. व्हरोआ डिस्ट्रक्टर ही वेगळी जात असल्याचे २००० साली मांडले गेले.

उपचाराचा निर्णय मधाच्या गिऱ्हाइकाने जवळजवळ करूनच ठेवला होता. पुण्यातील ज्या व्यापाऱ्याला मी तुरीचा मध देते, त्याला फ्लुव्हॅलिनेट आणि अमिट्राझ या कोळीनाशकांच्या अवशेषांचा अहवाल लागतो. शिवाय त्या पट्ट्या वर्षानुवर्षे वापरल्या की कोळी त्यांना जुमानत नाहीत, हा जगभरचा अनुभव आहे. फॉर्मिक आम्ल झाकणाच्या आतल्या कोळ्यापर्यंत पोहोचते ही त्याची मोठी जमेची बाजू, पण त्याची वाफ डोळे-फुप्फुसांना घातक असते आणि घरात लहान मुले असताना ते साठवण्याची माझी तयारी नव्हती. ऑक्झॅलिक आम्ल झाकलेल्या पिलाव्यात शिरत नाही, त्यामुळे भरपूर पिलावा असताना त्याचा उपयोग तोकडा पडतो. राहिला थायमॉल.

कडुनिंबाचे तेल का नको, असे मला अनेकांनी विचारले, कारण आपला कडुनिंबावर भारी विश्वास. कॅनडातील प्रयोगांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले आहेत. त्यांत कडुनिंबाच्या तेलाच्या फवारणीने व्हरोआ चांगलेच कमी झाले, पण पिलावा घटला आणि बऱ्याच राण्याही गेल्या. तंबाखूच्या धुराने कोळी खाली पडतात हे खरे असले, तरी निकोटीन माशांनाही विषच असते. झाडातून आलेले म्हणजे निरुपद्रवी, हा समज मधपेटीच्या बाबतीत महागात पडू शकतो आणि थायमॉलही त्याला अपवाद नाही.

२३ सप्टेंबरला जालन्यात काष्ठौषधींच्या दुकानात गेले. आपल्याकडे थायमॉल ‘ओव्याचे फूल’ या नावाने मिळतो. ओव्याच्या तेलाचा निम्म्याच्या आसपास भाग तोच असतो. दुकानदार काकांनी विचारले, “ताई, अमृतधारा करायचीय का? मग पुदिन्याचं फूल आणि कापूरही देतो.” त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. युरोपात व्हरोआसाठी जी तयार वडी मिळते, तिच्यात थायमॉल, निलगिरी तेलातील युकॅलिप्टॉल, मेंथॉल (म्हणजे पुदिन्याचे फूल) आणि कापूर असतो, म्हणजे आपल्या अमृतधारेची सख्खी बहीणच. परंतु ही फुले एकत्र केली की त्यांचे पाणी होते आणि ते पातळ औषध उष्णतेत एकदम उडते, म्हणून तो मोह टाळून फक्त ओव्याचे फूल घेतले. अर्ध्या किलोला १,०५० रुपये पडले. सुटे, लेबल नसलेले घेऊ नये. शुद्धता लिहिलेले सीलबंद पाकीट आणि पक्के बिल मागावे. पुढे मधाच्या चाचणीच्या अर्जात ‘वापरलेले द्रव्य’ या रकान्यासमोर ते बिल जोडावे लागले. बाजारातील बराचसा थायमॉल आता कारखान्यात तयार होतो. रेणू तोच असला, तरी ‘वनस्पतिजन्य’ असे लेबल लावून मध विकणाऱ्यांनी ही बाब गिऱ्हाइकाला सांगितलेली बरी.

मात्रा ठरवताना सर्वांत जास्त डोके चालवावे लागले. परदेशी जेलच्या एका मात्रेत साडेबारा ग्रॅम थायमॉल असतो आणि दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा देतात. पण जेलमधून तो हळूहळू सुटतो, तर उघडे स्फटिक आपल्या उन्हात झपाट्याने उडतात. तापमान पंधरा अंशांखाली गेले तर वाफ पुरेशी होत नाही. पस्तिशीच्या वर ती इतकी होते की माशा पेटी सोडून बाहेर लटकतात, राणी अंडी घालायचे थांबवते आणि कधीकधी अख्खी वसाहत उठून जाते. म्हणून सरांच्या सल्ल्याने भरलेल्या पेटीला सहा ग्रॅम आणि चार-पाच चौकटींच्या लहान वसाहतीला तीन ग्रॅम असे ठरले. गावातील सोनाराने त्याचा छोटा डिजिटल काटा वापरू दिला; दुसऱ्या दिवशीपर्यंत दुकानात ओव्याचा वास होता म्हणून थोडी बोलणीही खाल्ली. स्फटिक हातमोजे घालूनच हाताळावेत, कातडीची आग होते आणि डोळ्यात गेले तर विचारूच नका.

२६ सप्टेंबरला आधी मोजक्याच पेट्यांत औषध ठेवले. जॅमच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणात स्फटिक पसरून वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि झाकण पिलाव्याच्या चौकटींच्या पट्ट्यांवर, थेट पिलाव्याच्या डोक्यावर न ठेवता एका बाजूला ठेवले. वाफ खेळायला जागा हवी म्हणून वर दोन बोटे उंचीची लाकडी कड दिली. थायमॉलने काही प्लॅस्टिक मऊ पडते, त्यामुळे पत्राच बरा. त्या दुपारी तापमान तेहेतीसच्या आसपास होते. तासाभरात माशा दाराशी रांगेने उभ्या राहून पंखांनी वारा घालू लागल्या आणि संध्याकाळी एका पेटीच्या पुढच्या फळीवर त्यांचा जाड घोस लोंबत होता. मी घाबरून सरांना फोन केला. “दार पूर्ण उघडा आणि सकाळपर्यंत काही करू नका,” एवढेच ते म्हणाले. सकाळी बहुतेक माशा आत गेलेल्या होत्या. तळाशी जाळीखाली तेल लावलेला पांढरा कागद सरकवला होता. त्यावरचे कोळी भिंगाने मोजताना जी सुटका वाटली, ती शब्दांत नीट सांगता येत नाही. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. मुंग्या मेलेले कोळी उचलून नेतात आणि कागद कोरा दिसतो, म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच.

तुलनेसाठी बाजूला ठेवलेल्या पाच पेट्या सोडून ३० सप्टेंबरला उरलेल्या पेट्यांना पहिली मात्रा दिली आणि १४ ऑक्टोबरला या सगळ्यांना दुसरी. दोन मात्रांचे कारण कोळ्याच्या राहणीत आहे. घर झाकले जाण्याच्या किंचित आधी कोळ्याची मादी माशीच्या अळीच्या घरात शिरते आणि झाकणाआड अंडी घालते. कामकरी माशीचा कोष सुमारे बारा दिवस झाकलेला राहतो, नराचा त्याहून थोडा जास्त. पिलावा भरपूर असताना बहुसंख्य कोळी या झाकणाआडच असतात आणि थायमॉलची वाफ तिथे फारशी पोहोचत नाही. त्यामुळे नवी माशी बाहेर पडताना जो कोळी तिच्याबरोबर येतो, त्याला बाहेर वाफ तयारच मिळाली पाहिजे आणि हे किमान तीन-चार आठवडे चालले पाहिजे. पहिल्या चार दिवसांत कागदावर शेकडो कोळी पडले म्हणून काम झाले असे समजून औषधाची झाकणे काढून घेणारे आमच्याच भागात आहेत आणि मग ‘ओवा चालत नाही’ अशी बोलवा होते.

सरांचा आग्रह होता की पाच पेट्या तुलनेसाठी औषधाविना ठेवाव्यात. हे मला जड गेले. आपल्या गोठ्यातल्या पाच जनावरांना मुद्दाम उपाशी ठेवण्याचा तो प्रकार वाटत होता, पण त्याशिवाय कोळी औषधाने घटले की ऋतुमानाने, हे सांगता आले नसते. त्या पेट्या थोड्या अंतरावर हलवल्या, कारण चुकलेल्या माशा आणि चोऱ्या करणाऱ्या माशा कोळीही बरोबर नेतात.

मध्यंतरी कागदोपत्री काम सुरूच होते. जाळीचा तळ असलेल्या पेट्यांसाठी अनुदान मिळते का, हे विचारायला एका कार्यालयात गेले. मधुक्रांती या मधपाळांसाठीच्या सरकारी पोर्टलवरील नोंदणी, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, आधार, पासबुक, सातबारा आणि पेट्यांची छायाचित्रे असा संच दोन प्रतींत मागितला. कारणाच्या रकान्यात ‘परजीवी कोळ्याचा प्रादुर्भाव’ असे लिहिले, तर तिथले साहेब म्हणाले, “मधमाशीला पण गोचीड होतो होय?” त्यांनी ते मनापासून विचारले होते, म्हणून मोबाइलमधला फोटो दाखवला आणि नंतर अर्ज लगेच आवक झाला. तरी उपयोग झाला नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि फाइल थांबली. २३ नोव्हेंबरला निकाल लागल्यावर ती पुन्हा हलली, पण तोवर हंगाम गेला होता. जुन्याच पेट्यांच्या तळाच्या फळ्या कापून गावातल्या सुताराकडून जाळ्या ठोकून घेतल्या, त्याला २,४०० रुपये लागले. अर्ज करणाऱ्यांनी आवक क्रमांक आणि तारीख अर्जाच्या स्वतःच्या प्रतीवर शिक्क्यासह घ्यावी, नंतर सगळे त्याच्यावरच चालते.

२८ ऑक्टोबरला, वसुबारसेला, औषधाची सगळी झाकणे काढली. तुरीला फुले लागली होती, तरी मधकोठ्या, म्हणजे मध साठण्यासाठी पेटीवर चढवायचे मजले, लगेच चढवल्या नाहीत. मेणात थायमॉल मुरतो आणि मधात किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा थोडाच जास्त उतरला तरी जिभेला कळतो. युरोपात मधातील थायमॉलला कमाल मर्यादा ठेवलेली नाही, कारण तो धोक्याचा मानत नाहीत. पण ओव्याच्या वासाचा मध कोण घेईल? ज्या चौकटी उपचाराच्या काळात पेटीत होत्या, त्यांतला मध माशांसाठीच ठेवला. मधकोठ्यांना वेगळ्या, कोरड्या खोलीत ठेवलेल्या चौकटी दिल्या आणि त्याही दहा दिवसांनी. तुरीचा पहिला बहर असा हातचा गेला. या उपचाराचा खरा खर्च हाच आहे, ओव्याचे फूल त्यामानाने स्वस्त.

४ नोव्हेंबरला पुन्हा साखरेची चाचणी केली. बहुतेक पेट्यांत तीनशे माशांमागे दोन ते चार कोळी मिळाले. सत्तावीसवाल्या पेटीत सहा राहिले. दोन पेट्यांत मात्र अजून दहाच्या वर होते. दोन्ही दाट सावलीत, ओलसर जागी होत्या आणि झाकणांत स्फटिक अर्धेअधिक तसेच शिल्लक होते. औषधाविना ठेवलेल्या पाचांत आकडा सुरुवातीपेक्षा वाढला होता आणि त्यातली एक वसाहत निम्म्यावर आली होती. उपचार केलेल्यांपैकी एका पेटीत राणी दिसेनाशी झाली, माशांनी नवीन राणीघरे बांधली होती. काही राण्यांनी पहिला आठवडा अंडी घातलीच नाहीत, पुढे त्या पूर्ववत झाल्या. ट्रोपिलिलॅप्स मात्र जवळपास दिसेनासा झाला. तो प्रौढ माशीवर फार दिवस जगू शकत नाही, त्याला सतत पिलावा लागतो, त्यामुळे अंडी थांबल्याचा फटका त्याला जास्त बसला असावा.

त्या पाच पेट्यांना मधकोठ्या न देता ५ नोव्हेंबरपासून थायमॉल दिला, पण रात्री गार पडू लागल्या होत्या. स्फटिक संथपणे उडत राहिले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातही कोळी मर्यादेच्या काठावर होते. आमच्या भागासाठी याचा अर्थ असा की पाऊस उघडल्यापासून दसरा-दिवाळीपर्यंतचा काळ हाच या औषधाचा काळ. पुढे गारठा आड येतो आणि मार्चनंतर ऊन.

मध डिसेंबरच्या शेवटी काढला. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या पुण्यातील प्रयोगशाळेत अर्धा किलो नमुना काचेच्या दोन बाटल्यांत पाठवला. बरोबर एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, मूलभूत नोंदणीची प्रत, काढणीची तारीख, ठिकाण आणि वापरलेल्या द्रव्याचे बिल होते. ही नोंदणी २०२४ मध्ये लहान उत्पादकांना वर्षाला १०० रुपयांत होत होती, ती आधीच करून ठेवावी. चाचणीचे ६,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळून ७,०८० रुपये भरले, म्हणजे औषधाच्या कितीतरी पट. कोळीनाशकांच्या चाचणीत थायमॉल आपोआप धरत नाहीत, तो अर्जात वेगळा लिहावा लागतो. अहवाल यायला जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला. फ्लुव्हॅलिनेट, अमिट्राझ आणि थायमॉल तिन्ही शोधमर्यादेखाली होते आणि ओलावा २० टक्क्यांच्या आत.

फेब्रुवारीत पेट्या कांदा बीजोत्पादनाच्या शेतांवर जाण्याआधी सर्वांची पुन्हा साखरेची चाचणी केली, कारण तिथे इतरांच्याही पेट्या येतात आणि कोळ्यांची देवाणघेवाण होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना थायमॉलचे नावही काढता येत नाही. त्या काळासाठी राणीला तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून पिलावा पूर्ण निघाल्यावर ऑक्झॅलिक आम्लाचा पाक देण्याचे ठरवले आहे, त्याची सुरुवात मोजक्याच पेट्यांवर करणार आहे आणि पाच पेट्या या वेळीही तुलनेसाठी बाजूला ठेवणार आहे.